अंगी न लागलेलं

तिनं हात वर केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. न्यायालयातल्या लघुलेखिकेनं हात वर करायचा नसतो. तिला बोटं असतात, कान असतात, बाकीचं शरीर नसल्यात जमा. वकील विचारतात, साक्षीदार बोलतो, न्यायाधीशबाई मधूनच 'हे घेऊ नका' म्हणतात, आणि बुटक्या टेबलापाशी बसलेली ती कानावर आलेला शब्द बोटांतून कागदावर सोडत राहते. त्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कपड्यांच्या कारखान्याचा रखवालदार उभा होता; मालकासोबत तोही आरोपी होता. कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि शिलाईकाम करणाऱ्या बायका त्या दाराशीच सापडल्या होत्या, एकमेकींवर. कुलूप आपणच लावलं हे रखवालदारानं कबूल केलं होतं. कोणाच्या सांगण्यावरून, एवढंच उरलं होतं. सकाळपासून सरकारी वकील त्याला कधी गोंजारत, कधी दटावत त्या एका वाक्याच्या तोंडाशी घेऊन आले होते. "कुलूप लावायला तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. रखवालदारानं कठड्यावरचे हात उचलले, परत ठेवले. समोर बसलेल्या मालकाकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "सांगतो." ते 'सांगतो' तिनं टिपलं आणि नेमकं तेव्हाच पोटात ते सुरू झालं. आधी वरच्या मजल्यावरच्या नळातून पाणी उतरावं तशी गुरगुर. मग बेंबीखाली कोणीतरी ओला कपडा पिळायला घ्यावा तसा पीळ. मग कानांच्या मागे घाम. हा क्रम तिला आपल्या सहीसारखा पाठ होता. आजवर तिनं तो असंख्य वेळा दाबून धरला होता, बुटातली बोटं आवळून, जीभ टाळूला चिकटवून, पंख्याच्या पात्यावर नजर रोवून. त्या दिवशी दाबला गेला नाही. "मॅडम," ती म्हणाली, आणि त्या खोलीत आपला आवाज किती परका आहे हे तिला जाणवलं, "मला जरा बाहेर जायचंय." न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आत्ता?" "आत्ता."

लिहून घेणारं कोणी नसेल तर साक्ष पुढे जात नाही. कामकाज थोडा वेळ थांबवण्यात आलं, आणि ती बाकांच्या मधल्या वाटेनं भराभर चालत, दाराबाहेर गेल्यावर पळत, जिन्याशेजारच्या त्या अरुंद संडासात शिरली. कडी नीट लागत नव्हती. एका हातानं दार ओढून धरत ती बसली. पोटातून निघालेला आवाज फरशांवर आपटून परत तिच्याकडे आला. वास आंबूस होता. नेहमी तोच असायचा. आपल्या आत काहीतरी सडत असणार असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं, मनातलंच काहीतरी. परत आली तेव्हा सगळे आपापल्या जागी बसले होते. रखवालदारानं तोंड धुतलेलं दिसत होतं, केसांना पाणी लागलं होतं. मधल्या वेळात त्याच्याशी कोण बोललं, की कोणीच बोललं नाही आणि नुसतं व्हरांड्यात उभं राहून त्याला आपली बायकापोरं आठवली, हे कधीच कळलं नाही. सरकारी वकिलांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. "आठवत नाही," रखवालदार म्हणाला. "मघाशी तुम्ही 'सांगतो' म्हणालात." "आठवत असतं तर सांगितलं असतं साहेब." तिच्या बोटांनी ते घेतलं. बोटं शहाण्यासारखी चालत होती. सरकारी वकिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, चिडून का होईना, तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी न्यायाधीशबाईंनी तिला खोलीत बोलावलं. रागावल्या नाहीत. "तपासून घ्या," एवढंच म्हणाल्या, "पुन्हा असं व्हायला नको." घराकडे चालताना तिला एकच गोष्ट वाटत राहिली: हे माझ्या भित्रेपणाचं फळ. त्या बायकांच्या दाराशी सापडण्याची वर्णनं मी महिनाभर लिहून घेतली, कुलूप लावणारा माणूस उत्तर द्यायला लागला आणि माझ्या पोटानं पळ काढला. घरात तिला पळपुटी म्हणायचे. हे नाव दादानं ठेवलं होतं, चुलतबहिणीच्या लग्नात ती फोटोच्या रांगेतून नाहीशी झाली तेव्हा. शाळेत दुसऱ्या तासाला ती हमखास उठायची. बाई आधी जाऊ द्यायच्या, मग वर्ग हसायला लागला तेव्हा जाऊ देईनाशा झाल्या. पोरगी वाळकी होती. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "खाते तशी बरी, पण अंगी म्हणून लागत नाही हिच्या." आणि जे अंगी लागत नाही त्यावर आईकडे एकच औषध होतं. सकाळी काचेचा उंच पेला, काठोकाठ, वर साय. आई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. "नाक दाबून पी. थांबू नकोस मध्ये. तळाशी राहिलंय ते कोणासाठी ठेवलंस?" साय वरच्या ओठाला चिकटायची. ती जिभेनं काढून परत गिळायला लागायची. घरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोट दाबून, जीभ बघून सांगितलं होतं, "काही नाही हो हिला. हळवी आहे. सगळं मनावर घेते. झोपताना आणखी एक पेला देत चला, शांत वाटेल." आई तो सल्ला इमानेइतबारे पाळत आली. वडील गेले, दादा परदेशी स्थायिक झाला, घर बदललं, तिचे केस पिकायला लागले, पेला मात्र तोच. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे होती, गुडघ्यांनी जेरीस आली होती, तरी सकाळी उठून भिंत धरत स्वयंपाकघरात जायची आणि लेकीसाठी दूध गरम करायची. नको म्हणायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते दूध नव्हतंच, ती सकाळ होती.

या पोटाभोवती तिनं आयुष्य बेतलं होतं आणि बेतलंय हे विसरूनही गेली होती. नाटकाला कडेची खुर्ची. प्रवास शक्यतो नाहीच, झाला तर उपाशीपोटी. नव्या इमारतीत पाऊल ठेवलं की आधी डोळे ती पाटी शोधायचे, मग माणसं. न्यायालयात एक दुभाष्या होता, परक्या भाषेतल्या साक्षी भाषांतर करून सांगणारा, शांत, तिरकस विनोद करणारा. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकाच बाकावर बसायची. एकदा त्यानं विचारलं होतं, रविवारी नावेतून पलीकडच्या बेटावर जाऊ या का, दिवसभराची फेरी असते. तिच्या डोळ्यांपुढे नाव आली, नावेतली सगळी माणसं आली आणि चारी बाजूंनी पाणी. "मला नाही जमायचं," ती म्हणाली होती. "रविवारी नाही जमायचं की एकूणच?" त्यानं हसत विचारलं. "एकूणच," ती म्हणाली, कारण खरं कारण तोंडातून निघणं शक्य नव्हतं. त्यानं मान हलवली. पुढे त्याची बदली झाली. जाताना तो सगळ्यांना भेटला, तिलाही, सगळ्यांना भेटला तसाच.

ज्या डॉक्टरकडे ती गेली तो वयानं लहान होता. त्यानं आधी पोट दाबलं नाही. खुर्ची ओढून समोर बसला आणि विचारलं, "उठल्यापासून काय काय पोटात जातं, सांगा." हे तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. ती सांगत गेली: दूध, पाव, कचेरीत कॉफी, जेवण, पुन्हा कॉफी, बिस्किटं, झोपताना दूध. "आणि त्रास कधी होतो?" "कधीही." "कधीही म्हणजे? खाल्ल्यावर तासा-दोन तासानं?" तिनं आठवून पाहिलं. शाळेचा दुसरा तास. न्यायालयात पुकारा होऊन साक्ष रंगात येते ती वेळ. "हो," ती म्हणाली. डॉक्टरनं टेबलावरच्या पॅडवर आतड्याचं चित्र काढलं. दुधात एक साखर असते, ती पचवायला आतड्यात एक रस लागतो, लहान मुलांत तो भरपूर असतो, बऱ्याच माणसांत वाढत्या वयाबरोबर तो आटत जातो, काहींत फार लवकर. मग ती साखर न पचता खाली उतरते, तिथे आंबते, वायू धरते, पाणी ओढून घेते. "घराण्यातून येतं हे. रोग नाही म्हणायचा. जगात दूध न पचणारी मोठी माणसंच जास्त आहेत. दोन-तीन आठवडे दूध पूर्ण बंद करा, मग बोलू. आणखी एक तपासणी करून खात्री करून घेऊ." ती त्या चित्राकडे पाहत राहिली. "घाबरायचं कारण नाही," तो म्हणाला. "घाबरत नाहीये," ती म्हणाली. "मनाचं काही नाही ना मग?" डॉक्टर हसला. "मनाचं कशाला? दुधाचं आहे."

दूध बंद झाल्यावर काही दिवसांनी पोट गप्प झालं. शेजारच्या घरात वर्षानुवर्षं चालणारी गिरणी एके दिवशी बंद पडावी आणि तेव्हा कुठे कळावं की ती चालू होती, तसं झालं. ती न्यायालयात बसायची आणि नकळत बोटं आवळायची, मग लक्षात यायचं की दाबून धरण्यासारखं काही नाहीच. तपासणीतही तेच निघालं. पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय तिनं लावून घेतली. बिस्किटात दूध, सुक्या सूपच्या पुडीत दूध, पावात दुधाची भुकटी. रक्तदाबाच्या गोळीतसुद्धा तीच साखर नावाला असायची. एवढीशी चालते, डॉक्टर म्हणाला. दोन चमचे दही पचायचं, जुनं कडक चीज पचायचं, यंत्रातली कॉफी अजिबात नाही. कचेरीत कोणाच्या वाढदिवसाचा केक आला की बेलीफ म्हणायचा, "घ्या हो बाई, एवढ्याशानं काय होतंय?" आणि तिला 'नको' या शब्दाचे पहिल्यापासून धडे गिरवावे लागायचे. हे जमत गेलं. पण जे मोकळं व्हायला हवं होतं ते मोकळं होईना. आधी भीती, मग पोट, असं ती आयुष्यभर समजत आली होती. स्वतःला तिनं त्यावरूनच ओळखलं होतं: मी हळवी, मी पळपुटी, मला गर्दी सोसत नाही, मला माणूस जवळ आलेला सोसत नाही. आता कळत होतं की भीती नव्हतीच, एक साखर होती. मग नावेला नाही म्हणाली ती कोण? रात्रंदिवस जपलेलं, लपवलेलं, ज्याच्यासाठी एवढं गमावलं ते दुखणं इतकं क्षुल्लक निघावं याची तिला लाज वाटायची, आणि कधी कधी संताप यायचा, पण तो कोणावर काढायचा हे समजायचं नाही.

आईला तिनं पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं. आईनं पेला ओट्यावर ठेवला. "दुधानं? दुधानं कधी कोणाचं पोट बिघडलंय?" "माझं बिघडतं." "मग इतकी वर्षं काय दगड पचवत होतीस?" "पचत नव्हतंच आई. तेच तर सांगतेय." आईनं पदराला हात पुसले, ते कोरडेच होते. "म्हणजे मी तुला विष पाजलं म्हण की." "मी असं म्हटलं का?" "आणखी कसं म्हणतात?" त्या आठवड्यात दादाचा फोन आला तेव्हा आईनं त्यालाही हेच सांगितलं, आणि त्याचं हसणं पलीकडून तिच्यापर्यंत पोचलं: "पळपुटीला कारण सापडलं एकदाचं!" त्यानंतरही आई सकाळी उठत राहिली. भिंत धरून स्वयंपाकघरात जायची, रिकाम्या ओट्यापाशी उभी राहायची, फडकं घडी करून परत उलगडायची. लेक आपल्या हातानं काळी कॉफी करून प्यायची. दोघी एकमेकींना वाट देत त्या चिंचोळ्या जागेत फिरत, भाड्यानं एकत्र राहणाऱ्या बायकांसारख्या.

खटल्याचा निकाल लागला. न्यायालयात तो जाहीर करून झाल्यावर न्यायाधीशबाईंनी त्याचा मजकूर आपल्या खोलीत सांगितला आणि तिनं उतरवून घेतला. कुलूप मालकाच्या सांगण्यावरून लागल्याचा पुरावा समोर आलेला नाही, प्रत्यक्ष साक्षीदाराला आठवत नाही, सबब मालक संशयाचा फायदा मिळून निर्दोष. निष्काळजीपणाबद्दल रखवालदार दोषी. तिची बोटं थांबली. "मॅडम, त्या दिवशी मी उठले नसते तर?" न्यायाधीशबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "तुम्ही उठला नसतात तर तो बोलला असता की नाही, मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. ते आता कोणालाच कळायचं नाही." मग वळून म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना?" "हो. दूध बंद केलंय." "दूध?" न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात अपमान नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच तिला लागलं. "बरं, पुढे घ्या," त्या म्हणाल्या. बाहेर व्हरांड्यात कारखान्यातल्या बायकांची माणसं निकाल ऐकून भिंतीला टेकून बसली होती. कोणी रडत नव्हतं. एक पोटुशी मुलगी उठून तिच्याजवळ आली. त्या मुलीची बहीण कारखान्याच्या दाराशी गेली होती, हे तिला साक्षीतून माहीत होतं. आता ही मला त्या दिवसाबद्दल विचारणार, असं तिला वाटलं. "बाई, इथे संडास कुठे आहे?" मुलीनं हळूच विचारलं. तिनं जिन्याशेजारचं दार दाखवलं, आणि मग त्या दाराची कडी लागत नाही हे आठवून ते बाहेरून ओढून धरत तिथेच उभी राहिली, मुलगी बाहेर येईपर्यंत.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आईनं बटाट्याचं सूप केलं. कितीतरी दिवसांनी आईनं आपणहून तिच्यासाठी काही केलं होतं. "निकालापासून चेहरा बघ कसा झालाय," आई म्हणाली. "पोटभर घे." सूप घट्ट होतं, मिरी पुढे येत होती. ती दोन वाट्या प्याली, आईला बरं वाटावं म्हणून दुसरी. ताटं आवरून जरा आडवी झाली आणि डोळा लागायच्या आतच ती गुरगुर ऐकू आली. आधी तिचा विश्वास बसला नाही. मग पीळ पडला, मग कानांच्या मागे घाम, आणि ती उठून धावली. न्हाणीघरात बसल्या बसल्या ती आठवू लागली: सकाळी काळी कॉफी, कोरडा पाव, तोही पाकीट वाचून आणलेला. मग दुपारी बटाटा, कांदा, मिरी. दूध कुठेच नाही. म्हणजे डॉक्टर चुकला. म्हणजे मनाचंच होतं. निकाल मनावर घेतला, आणि पोटानं पुन्हा तेच केलं. त्या दिवशीही मीच पळाले होते. एका बाजूला हे असह्य होतं, आणि दुसऱ्या बाजूला जुनं, मळकं, ओळखीचं पांघरूण परत अंगावर ओढल्यासारखं वाटत होतं. दाराबाहेर पावलं घासत आल्याचं तिला ऐकू आलं. मग कशाचा तरी आधार घेत खाली बसल्याचा आवाज, गुडघ्यांची कटकट, उसासा.

"मी घातलं होतं," आई दाराबाहेरून म्हणाली.

"काय?"

"दूध. आटवून घातलं, कळू नये म्हणून."

नळ ठिबकत होता.

"तुला न कळता गेलं तर होतं का, ते बघायचं होतं. वाटलं, त्या डॉक्टरनं तुझ्या डोक्यात भरवलंय." आई थांबली. "खोटं बोलतेय मी. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मलाही व्हायचं हेच. लग्न होऊन आले तर तुझ्या वडिलांच्या घरी सगळे जेवण झाल्यावर दूध घ्यायचे. मी घेतलं की उठून धावायचे. तुझ्या आत्या हसायच्या, गाडी सुटली म्हणायच्या. मग मी सोडलंच दूध. पोरांना पुरावं म्हणून आई पीत नाही, असं तुम्हाला वाटायचं. वाटू दिलं."

पोटात पुन्हा कळ आली. तिनं दोन्ही हातांनी गुडघे धरले. "आणि माझं?"

"तुझं सुरू झालं तेव्हा मला आवाजावरूनच कळलं."

"कळलं होतं तरी पाजत राहिलीस?"

"कळलं म्हणूनच तर!" आईचा आवाज एकदम चढला आणि चिरकला. "माझ्यासारखी गत नको म्हटलं तुझी. दुसऱ्याच्या घरी जाशील, तिथे हसतील. लहानपणापासून सवय लावली की जातं, असं सांगायचे सगळे. मला कोणी लावली नव्हती, मी तुला लावली. तू आत असलीस की मी इथे दाराशी उभी असायचे. रोज. आज कालच्यापेक्षा कमी झालंय असं वाटायचं मला. खरंच वाटायचं गं."

ती आतल्या ओल्या भिंतीकडे पाहत राहिली. आत आपण एकटे आहोत, आपलं हे कोणाला कळू नये, एवढ्यासाठी तिनं नळ सोडून ठेवले होते, तोंडात पदर कोंबला होता, आयुष्यभर. आणि दाराच्या पलीकडे एक माणूस कान लावून उभं होतं, तेच दुखणं पोटात घेऊन, हळूहळू बरं होतंय असं समजून. तिला ओरडावंसं वाटलं. ओरडायला जो शब्द हवा होता तो शोधता शोधता तिला दिसलं की तो सापडला तरी बाहेर बसलेल्या त्या बाईला तो पेलणार नाही, आणि न सांगितला तर तो तिला स्वतःला पचणार नाही.

"ऐकतेस ना?" आई म्हणाली. काही वेळानं आवाज अगदी बारीक झाला. "मला उठता येत नाहीये. पाय गेलाय बधिर होऊन."

"थांब."

"थांबलेय."

कळ ओसरायला वेळ लागला. तिनं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि दार हळूच ढकललं, आईला लागू नये म्हणून अर्धंच. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, एक पाय लांब, एक मुडपलेला, चप्पल निसटून पालथी पडलेली. ती फटीतून अंग चोरत बाहेर आली, वाकली, आईच्या काखांत हात घातले. "माझ्या गळ्यात हात टाक." "तुला झेपायची नाही मी." "टाक म्हटलं ना." पहिल्यांदा जमलं नाही, दोघी परत खाली आल्या. दुसऱ्यांदा आईनं दात आवळून जोर लावला आणि ती उभी राहिली, सगळा भार लेकीच्या छातीवर टाकून. आईच्या अंगाला आटवलेल्या दुधाचा वास येत होता. "सोडू नकोस एवढ्यात," आई म्हणाली. "नाही," ती म्हणाली. तिचं स्वतःचं पोट रितं होऊन आत ओढलं गेलं होतं. आधाराला धरायची ती भिंत उठताना हातभर लांब राहिली होती. तिथवर पोचायला दोघींपैकी कोणीतरी आधी पाऊल उचलायला हवं होतं, आणि ते कोणालाच उचलवत नव्हतं.